जाहिरातीचा ध्वनी आणि कायद्याचे कान



संयोजकांनी दिलेला विषय होता, ‘जाहिरात : कायदा, नीती आणि सामाजिक बांधिलकी’. यातला एकेक शब्द घेऊन एकेक व्याख्यानमाला होईल. मी वकील नाही, जाहिरात व्यवसायातलाही नाही. माझा धंदा समीक्षेचा. तेव्हा मला जे थोडंफार येतं तेच करतो. कविता वाचतात तशी जाहिरात वाचायची, आणि ती वाचताना आपला कायदा कुठे कुठे अडखळतो ते बघायचं. कलमं येतील मध्ये मध्ये, पण घाबरू नका, झोप येईल इतकी नाही येणार.

बी.ए.ला मराठी किंवा संस्कृत घेतलेल्या सगळ्यांनी तीन शब्द घोकलेले असतात. अभिधा, लक्षणा, व्यंजना. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ. व्यंजना म्हणजे जो अर्थ उच्चारलेला नसतो पण पोचतो. वर्गात हमखास दिलं जाणारं उदाहरण आहे, ‘सूर्य मावळला’. एवढंच वाक्य. गुराखी ऐकतो, गुरं घराकडे वळवतो. घरातली बाई ऐकते, देवापाशी दिवा लावायला उठते. चोर ऐकतो, तो आपल्या तयारीला लागतो. बोलणाऱ्याला तुम्ही नंतर पकडलंत की ‘तूच चोराला इशारा दिलास’, तर तो म्हणेल, ‘छे हो, मी फक्त सूर्याबद्दल बोललो. सूर्य मावळला नव्हता का?’ मावळला होता. वाक्य शंभर टक्के खरं.

जाहिरातीचा सगळा संसार या उत्तरावर चालतो.

मुंबईच्या लोकलच्या डब्यात चिकटवलेले कागद आठवा. ‘शर्तिया इलाज’, ‘एका महिन्यात मूळव्याधीपासून मुक्ती’, खाली मोबाईल नंबर. छपाई वाईट, शुद्धलेखनाचा आनंदीआनंद. पण हा माणूस एका अर्थी फार प्रामाणिक आहे. त्याने आपलं खोटं अभिधेत लिहिलंय. कोणीही यावं, वाक्यावर बोट ठेवावं आणि म्हणावं, हे खोटं आहे. त्याच्यासाठी आपल्याकडे 1954 सालापासून कायदा आहे. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. त्याला एक परिशिष्ट जोडलंय. त्यात मधुमेह, कर्करोग, अपस्मार, पक्षाघात, बहिरेपणा असे 54 आजार आणि अवस्था दिल्या होत्या. यांवर आमच्याकडे औषध आहे अशी जाहिरातच करायची नाही. त्या यादीत माणसाची उंचीसुद्धा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद.

हा कायदा मी मुळातून वाचला आणि मला त्याच्याबद्दल आदर वाटला. लोक समजतात तसा तो बथ्थड नाही. जाहिरात कशाला म्हणायचं याची व्याख्या करताना त्यात वेष्टन येतं, लेबल येतं, तोंडी घोषणा येते, आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते. धूर! 1954 साली कोणीतरी दिल्लीत बसून विचार केला होता की उद्या एखादा धुराने आकाशात लिहील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौथं कलम. औषधाच्या खऱ्या स्वरूपाविषयी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे खोटा समज करून देणारी जाहिरात निषिद्ध. ‘अप्रत्यक्षपणे’ आणि ‘समज’. म्हणजे व्यंजना कायद्याला ठाऊक होती. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा घ्या, तिथेही दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय ते सांगताना उघड किंवा सूचित प्रतिपादन असे शब्द आहेत. तेव्हा ‘कायद्यात तरतूद नाही’ हे आपलं नेहमीचं रडगाणं इथे चालणार नाही. तरतूद आहे. ती वाचायची सवय नाही, ना अंमलबजावणी करणाऱ्यांना, ना तक्रार करणाऱ्यांना, ना आम्हा टीकाकारांना. आमच्या समीक्षेने दिवाळी अंकातल्या सुमार कथेवर रकाने भरले, आणि त्याच अंकाच्या मागच्या पानावरचा, कथेपेक्षा दसपट लोकांनी वाचलेला मजकूर मात्र कधी वाचला नाही.

आता नमुन्यादाखल एक जाहिरात सावकाश वाचू.

गोरं करणाऱ्या क्रीमची. फेअर अँड लव्हली 1975 साली भारतात आलं. त्याच्या जाहिरातींपैकी एक या शतकाच्या सुरुवातीला टीव्हीवर लागायची. घरात पैशाची ओढाताण. बाप म्हणतो, मुलगा असता तर बरं झालं असतं. मुलगी ऐकते. मुलगी सावळी. क्रीम येतं, चेहरा उजळतो, तिला हवाई सुंदरीची नोकरी मिळते आणि बापाच्या चेहऱ्यावर समाधान. संपली गोष्ट.

यातलं खोटं वाक्य दाखवा बघू. बापाचं वाक्य खोटं नाही, असे बाप घरोघर होते आणि आहेत. मुलीला नोकरी लागली, यात काय खोटं? एक क्रीम तोंडाला लावल्याने रंग किंचित उजळतो की नाही, एवढाच प्रश्न अभिधेच्या कक्षेत येतो, आणि त्यावर कंपनी प्रयोगशाळेचा कागद घेऊन उभी राहू शकते. समजा, तो कागद अगदी खरा आहे. तरी जाहिरात जे बोलली ते बोललीच. मुलगी असणं ही उणीव आहे, सावळी असणं ही दुसरी उणीव आहे, आणि दुसरी भरून काढलीस तर पहिली माफ होईल. हे कुठेही उच्चारलेलं नाही. आणि एवढंच एक वाक्य प्रेक्षकाच्या घरात शिल्लक राहतं, क्रीमची ट्यूब संपल्यावरसुद्धा.

अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने या जाहिरातींविरुद्ध तक्रार लावून धरली आणि 2003 साली त्या पडद्यावरून गेल्या. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्या बायकांनी ‘क्रीमने गोरं होत नाही’ एवढीच तक्रार केली नाही. बाईचा अपमान होतो, अशी त्यांची तक्रार होती. म्हणजे त्यांनी जाहिरातीचा ध्वनी वाचला. आमच्या विद्यापीठीय मंडळींच्या आधी.

पुढे 2014 साली भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, या क्रीमसाठी वेगळे नियम केले. सावळी व्यक्ती दुःखी, निराश, लग्नात-नोकरीत मागे पडलेली अशी दाखवायची नाही. आस्की ही 1985 साली जाहिरात व्यवसायानेच स्वतःसाठी स्थापन केलेली संस्था, हे लक्षात ठेवा. नियम चांगला. आणि मग काय झालं? दुःखी मुलगी गेली. आता सुरुवातीपासूनच आत्मविश्वासू मुलगी येऊ लागली, फक्त शेवटी ती जरा जास्त उजळ दिसायची. 2020 साली नावातला ‘फेअर’ गेला, ‘ग्लो’ आला. इंग्रजीत हा बदल मोठा असेल. मराठीत बघा. आपल्याकडे ‘उजळ’ म्हणजे तेजस्वी आणि ‘उजळ’ म्हणजे गोरी. ‘मुलगी उजळ आहे हो’ असं मावशी सांगते तेव्हा ती तेजाबद्दल बोलत नसते. नाव बदलायला कंपनीला 45 वर्षं लागली. ऐकणाऱ्याच्या कानात ते होतं तसंच राहिलं.

आणि जाता जाता, सगळं खापर कंपनीवर फोडायचं कारण नाही. ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ ही जाहिरात कुठल्या एजन्सीने लिहिलेली नाही. ती आपण लिहिली, पैसे भरून, रविवारच्या पुरवणीत. तिच्यावर कुठलं कलम लागत नाही. कंपनीने फक्त आपली मागणी वाचली आणि पुरवठा केला.

अतिशयोक्तीचं काय, असं कोणी विचारेल. कायद्याला अतिशयोक्ती अलंकार मान्य आहे. आस्कीची संहिताही म्हणते की लक्ष वेधण्यासाठी, गंमत म्हणून केलेली उघड अतिशयोक्ती चालेल, लोक तिला शब्दशः खरं मानणार नाहीत अशी असेल तर. हे इंग्रजी न्यायालयाकडून आलेलं शहाणपण आहे. 1892 सालचा कार्बोलिक स्मोक बॉलचा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. हा गोळा हुंगूनही इन्फ्लुएंझा झाला तर शंभर पौंड देऊ, अशी जाहिरात. एका बाईंना झाला, त्यांनी पैसे मागितले. कंपनी म्हणाली, ते नुसतं बोलणं होतं हो. कोर्टाने विचारलं, मग आमच्या दाव्याची खात्री म्हणून हजार पौंड बँकेत ठेवलेत असं त्याच जाहिरातीत कशाला छापलंत? बाईंना पैसे मिळाले. अलंकार कुठे संपतो आणि वचन कुठे सुरू होतं, हे त्या न्यायाधीशांनी मजकुराच्या आतूनच काढलं. त्याला मी उत्तम समीक्षा म्हणतो.

आता तळटीप. जाहिरातीच्या खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात धावणारी ओळ. तारा, आणि ‘अटी लागू’. म्युच्युअल फंडाचा बाजाराच्या जोखमीचा इशारा मूळ इंग्रजीत मोजून 14 शब्दांचा आहे, आणि तो पूर्वी इतक्या वेगाने म्हटला जायचा की लिलावात बोली चाललीय असं वाटावं. 2008 साली सेबीला सांगावं लागलं की हा इशारा पाच सेकंद तरी दाखवा आणि ऐकू येतील असे म्हणा. एका देशाच्या नियामकाला वाक्य किती सेकंदात म्हणायचं ते ठरवावं लागतं! पण सेबीचं बरोबर होतं. वेग हाही अर्थ असतो. घाईत म्हटलेला इशारा सांगतो की, हे कायद्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

जून 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातला तळटिपेचा भाग मी विद्यार्थ्यांना वाचायला देतो. दावा ज्या भाषेत, टीप त्याच भाषेत. दाव्याचा टाइप तोच टीपेचा. दावा आवाजात असेल तर टीप त्याच्या बरोबरीने, त्याच वेगाने. आणि टीपेने मुख्य दावा खोडून काढायचा नाही, दिशाभूल दुरुस्त करायलाही तिला वापरायचं नाही. आज घरी गेल्यावर टीव्हीवरच्या कुठल्याही पाच मराठी जाहिराती बघा आणि यातलं काय काय पाळलंय ते मोजा. निवेदन मराठी, खालची ओळ इंग्रजी, हे दृश्य तुम्हाला शोधावं लागणार नाही.

या सगळ्यापेक्षा मला जास्त छळते ती वेलदोड्याची जाहिरात.

तंबाखूच्या जाहिरातीला 2003 च्या कायद्याने बंदी. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी. तरी मोठमोठे नट सुटाबुटात येतात, सोनेरी प्रकाशात एक पुडी उघडतात, आणि काय खातात? वेलची. जगात वेलचीसाठी एवढा खर्च कोणी केला नसेल. वेलची आपण वाण्याकडून पुडीत बांधून आणतो, तिचा ब्रँड कोणाला ठाऊक असतो? पण नाव तेच, अक्षरं तीच, रंग तेच, पुडी फाडायची लकब तीच. सूर्य मावळला. ज्याला कळायचं त्याला कळलं. पानटपरीवर पान मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी विकतात, मिसळायचं काम गिऱ्हाइकाचं. जाहिरातीचंही तसंच आहे. शब्द एका पुडीत, अर्थ दुसऱ्या पुडीत, मिसळ आपली आपण करून घ्यायची. फरक एवढाच की तंबाखू कोणी मिसळली हे विचारायला टाटा हॉस्पिटलच्या दारात कोणी येत नाही. भारतीय पुरुषांना सर्वाधिक होणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग आहे.

इथेही नियम आहे. 2022 च्याच तत्त्वांनी अशा छुप्या जाहिरातीला मनाई केली, आणि ओळखायची खूणही दिली. निषिद्ध मालाशी जोडलेलं नाव, बोधचिन्ह, रंग, मांडणी वापरली असेल तर ती छुपी जाहिरात. मला हे वाचून आनंद झाला होता. ध्वनी कुठून निघतो त्या जागा कायद्याने नावानिशी सांगितल्या. पण लगेच खाली पुस्ती जोडली. एरवी आक्षेपार्ह नसेल तर नुसतं कंपनीचं वा ब्रँडचं नाव वापरलं म्हणून ती छुपी जाहिरात ठरणार नाही. एका दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवली.

मार्च 2025 मध्ये जयपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने पान मसाल्याच्या एका जाहिरातीबद्दल तीन नटांना आणि कंपनीला नोटिसा काढल्या. तक्रार काय होती? दाण्यादाण्यात केशर आहे असं म्हणतात, पण केशर लाखो रुपये किलो, पाच रुपयांच्या पुडीत येणार कुठून? तक्रार वाजवी आहे, तक्रारदाराला दोष देत नाही, कारण त्याला माहीत होतं की कोर्टात अभिधाच टिकेल. पण क्षणभर विचार करा. समजा पुडीत खरोखर केशर निघालं. मग ती जाहिरात सज्जन झाली का?

आणि ते नट? एप्रिल 2022 मध्ये अक्षय कुमार यांनी अशा एका ब्रँडची साथ सोडली, जाहीर माफी मागितली. त्याच निवेदनात म्हटलं होतं की कराराची कायदेशीर मुदत संपेपर्यंत जाहिरात दिसत राहू शकेल. माझ्या मते त्यांची माफी खरी असेल, शंका घ्यायचं कारण नाही. पण नीती आणि करार यांची गाठ पडली की कोण आधी दम तोडतं, ते त्या एका वाक्यात दिसतं.

आता माझ्याच म्हणण्याविरुद्ध बोलतो. ‘कायद्याने व्यंजना वाचावी’ म्हणणं सोपं आहे, पण ती वाचणार कोण? 1995 साली मुंबईत एका बुटांच्या जाहिरातीत मधु सप्रे आणि मिलिंद सोमण बूट घालून, अजगर गुंडाळून, बाकी काही न घालता उभे राहिले. तिथे यंत्रणेने व्यंजना फार जोरात ऐकली. अश्लीलतेचा खटला झाला, चौदा वर्षं चालला, 2009 मध्ये सगळे निर्दोष सुटले. कर्करोगाचा खोटा उपाय विकणाऱ्याच्या मागे इतकी वर्षं कोणी लागलेलं मी पाहिलेलं नाही. तेव्हा पोलीस ठाण्यात ध्वनिसिद्धांत शिकवा अशी माझी मागणी नाही. 1959 साली हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की औषधाची अशी जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे. 1995 मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की व्यापारी भाषणही स्वातंत्र्याच्या कक्षेत येतं. दुसऱ्या निकालाच्या बाजूने मी आहे. जाहिरातीला बोलू द्या. पण आपण काय बोललो ते नाकारायची सवलत तिला देऊ नका.

संस्कृत काव्यशास्त्रात वाचकाला ‘सहृदय’ म्हणतात, तयारीचा, मुरलेला. 2022 च्या तत्त्वांतला वाचक वेगळा आहे. सामान्य दृष्टी असलेला, रास्त अंतरावरून, रास्त वेगाने, एकदाच वाचणारा. मला हा वाचक आवडतो, तो आपल्यासारखा आहे. पण केमोथेरपीच्या तिसऱ्या फेरीनंतर रात्री दोन वाजता फोनवर ‘मुळापासून बरं’ वाचणारा माणूस रास्त अंतरावर नसतो. तो अक्षरांना चिकटलेला असतो. जाहिरात लिहिणाऱ्याला तो नेमका ठाऊक असतो. कायद्याला अजून त्याची ओळख झालेली नाही.

पतंजलीचं प्रकरण तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंय, सगळं सांगत नाही. एकच गोष्ट. एप्रिल 2024 मध्ये कंपनीने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की आम्ही 67 वर्तमानपत्रांत माफीनामा छापला. न्यायालयाने विचारलं, तुमच्या जाहिराती असतात तेवढ्याच आकाराचा आहे का? लोक हसले या प्रश्नाला, मला तो फार नेमका वाटला. मजकूर तोच असला तरी छोट्या चौकटीतली माफी आणि अर्ध्या पानावरची माफी ही दोन वेगळी विधानं आहेत. दोन दिवसांत मोठा माफीनामा आला.

त्याच खटल्यात, मे 2024 मध्ये, न्यायालयाने सांगितलं की जाहिरात देण्याआधी जाहिरातदाराने स्वयंघोषणापत्र द्यावं, यात दिशाभूल करणारे दावे नाहीत म्हणून. कल्पना योग्य. पण ठरावीक मजकुराखाली सही करायला कोणाचं काय जातं? माझी सूचना साधी आहे. त्या घोषणापत्रात एक रिकामी ओळ ठेवा. ‘ही जाहिरात पाहून प्रेक्षकाच्या मनात काय यावं अशी आमची इच्छा आहे, ते एका सरळ वाक्यात लिहा.’ बस. व्यंजना अभिधेत लिहून द्यायची, सहीनिशी, आणि ती लोकांना वाचता येईल अशी ठेवायची. बंदी नको, सेन्सॉर नको. क्रीमवाल्यांना लिहू दे की, ‘सावळेपणामुळे संधी जातात असं वाटावं.’ वेलचीवाल्यांना लिहू दे, काय लिहितात ते बघू. ‘प्रेक्षकाला वेलची खावीशी वाटावी’ असं लिहिलं, तर पुढचा प्रश्न ग्राहक आयोग त्यांच्या विक्रीचे आकडे समोर ठेवून विचारेल, की वेलची किती विकलीत?

माझी वेळ संपलीय, चिठ्ठी आली आहे. प्रश्न घेऊ या.